चढावाची फळी

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि बदल्यांचे हुकूम निघाले म्हणजे देशातील कितीतरी घरांत बांधाबांध सुरू होते. इंदूरहून नागपूरला, बडोद्याहून पुण्याला, बेळगावहून हैदराबादला घरसामान निघते. कपाटे, पलंग, भांड्यांची पोती टेंपोच्या हौद्यात चढवून झाली की अखेरीस दारातल्या स्कूटरचा प्रश्न उरतो. मग शेजारच्या बांधकामावरून कोणी सेंट्रिंगची एक फळी उचलून आणतो, ती फाळक्याला टेकवली जाते, चार माणसे हात लावतात आणि आरडाओरड करीत गाडी वर ढकलली जाते. बहुतेक वेळा काम निभावते. निभावते म्हणूनच त्या फळीविषयी कोणी विचार करीत नाही. ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवशी मात्र गाडीचे नुकसान ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट ठरते, कारण घसरणाऱ्या गाडीच्या खाली त्या क्षणी कोणीतरी माणूस उभा असतो.

शहरवासी कुटुंबाला हा प्रसंग चार-पाच वर्षांतून एकदा येतो. शेतकऱ्याला तो हंगामात आठवड्यातून दोनदा येऊ शकतो. कोकणात किंवा केरळात भातलावणीच्या दिवसांत एकच पॉवर टिलर अनेक वाड्यांत भाड्याने फिरतो आणि एका गावाहून दुसऱ्या गावी तो छोट्या पिकअप गाडीतून जातो. या यंत्राचे वजन सुमारे ४०० ते ५०० किलो असते. अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या वाहनापुरता उभा राहिला. तेथील शेतकरी आणि शिकारी रुंद टायरांची, कोठेही जाऊ शकणारी छोटी चारचाकी, जिला एटीव्ही म्हणतात, आपल्या पिकअपमध्ये घालून नेतात. आणि तिला चढवण्यासाठी घडीच्या अॅल्युमिनियमच्या रॅम्पांचा स्वतंत्र व्यापारच तेथे वाढला. आता तसे रॅम्प आपल्याकडेही विकत मिळतात. परंतु विकतचा असो, गावच्या वेल्डिंगवाल्याने केलेला असो की लाकडाची साधी फळी असो, ती निवडण्याचे नियम एकच आहेत, आणि ते वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावेत एवढ्याचसाठी हा लेख.

पहिला प्रश्न लांबीचा. उतरणीवरून ओझे चढवताना किती जोर लागतो, याचे सुंदर उत्तर सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले. त्याने एका त्रिकोणी ठोकळ्याभोवती सारख्या गोळ्यांची माळ टाकलेली कल्पिली. ठोकळ्याची एक बाजू लांब आणि निवांत उताराची, दुसरी आखूड आणि उभट. माळ आपोआप फिरू लागली तर ती अखंड फिरतच राहील, आणि तसे तर होत नाही. म्हणजेच लांब बाजूवरचे पुष्कळ गोळे आणि आखूड बाजूवरचे थोडे गोळे एकमेकांना तोलून धरतात. लांबी जितकी अधिक, तितका लागणारा जोर कमी. आणि तो अगदी प्रमाणात कमी.

हाच हिशेब आपल्या दारातल्या टेंपोला लावून पाहू. छोट्या मालवाहू गाड्यांच्या हौद्याचा तळ, गाडी रिकामी असताना, साधारणपणे ७० ते ९० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गाडीचा किती, हे टेपने मोजूनच ठरवावे. अंदाजावर जाऊ नये. समजा, तो ७५ सेंटिमीटर आहे आणि स्कूटरचे वजन ११० किलो आहे. दीड मीटरची फळी लावली तर निम्मे वजन, म्हणजे ५५ किलोचा रेटा सतत द्यावा लागेल. अडीच मीटरच्या फळीवर तो ३३ किलोवर येतो आणि तीन मीटरच्या फळीवर साडेसत्तावीस किलोवर. चाकांना होणारा अवरोध यात धरलेला नाही, पण हवा भरलेल्या टायरांना तो फारसा नसतो. ४५० किलोच्या पॉवर टिलरला हेच आकडे अनुक्रमे २२५, १३५ आणि साडेबाराशेचा दहावा हिस्सा नव्हे, तर सरळ ११२ किलोंच्या आसपास असे पडतात. इंजिन बंद पडले तर हाच भार मागे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे आखूड फळीचा मोह आपोआप सुटतो. माझ्या मते उंचीच्या तिपटीहून आखूड फळी घरी ठेवूच नये, आणि चौपट मिळाली तर अधिक चांगले.

येथे कोणी विचारील की मग आणखी लांब का नको? चाकाच्या खुर्चीसाठी इमारतींना जो रॅम्प बांधतात, त्याचा चढ केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ स एक असतो. त्या मापाने आपल्या हौद्यापर्यंत पोहोचायला नऊ मीटरची फळी लागेल. ती कोण वाहून नेणार? शिवाय लांबीबरोबर दुसरेच संकट वाढत जाते, ते फळीच्या वाकण्याचे.

फळी दोन टोकांना टेकलेली आणि मध्ये अधांतरी असते. ओझे मध्यावर आले की तिच्यावर सर्वांत अधिक ताण पडतो. लांबी दुप्पट केली तर हा ताण दुप्पट होतो, पण फळीचा झोल मात्र आठपट होतो. म्हणून दीड मीटरवर ताठ उभी राहणारी फळी तीन मीटरवर झोपाळ्यासारखी डुलते. याला उपाय जाडीचा. फळीची रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पटच वाढते. जाडी दुप्पट केली तर बळ चौपट आणि ताठपणा आठपट वाढतो. सेंट्रिंगची फळी या कामाला नालायक का, याचे उत्तर येथेच आहे. ती साधारण एक इंच जाडीची असते, कारण स्लॅब ओतताना तिच्याखाली जवळजवळ टेकू दिलेले असतात. तेथे ती आपले काम चोख करते. पण टेकू काढून घेऊन तिच्यावर स्कूटर चढवणे म्हणजे तिच्याकडे चौपट बळ मागणे होय. त्यातून ती पावसापाण्यात भिजलेली, खिळ्यांनी भोसकलेली आणि बहुधा हलक्या लाकडाची असते.

लाकूडच वापरायचे तर साल किंवा साग यांसारख्या टणक जातीचे, दोन इंच जाड आणि नऊ-दहा इंच रुंद असे घ्यावे. त्याचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. तिरप्या रेषांची फळी कितीही जाड असली तरी त्या रेषेवरच चिरते. गाठ असेल तर ती मध्यभागी आणि खालच्या बाजूला येऊ देऊ नये, कारण वाकताना फळीचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि गाठीपाशी तो प्रथम फाटतो. अशी फळी स्कूटर-मोटारसायकलीला पुरे आहे. पॉवर टिलरसाठी मात्र मी लाकडाचा सल्ला देणार नाही. चारचाकी एटीव्हीचे वजन दोन आसांवर विभागलेले असते. टिलरचे जवळजवळ सगळे वजन एकाच आसावर असते, आणि ते फळीच्या मध्यावर एकदमच येते. त्याला लोखंडी चॅनेलची चौकट आणि वर चेकर प्लेट नावाचा उठावदार रेघांचा पत्रा, किंवा आडव्या पट्ट्या, अशी जोडीच करून घ्यावी. वेल्डिंगवाल्याला यंत्राचे वजन आणि फळीची लांबी हे दोन्ही आकडे सांगावेत. ‘मजबूत करा’ एवढे सांगून भागत नाही.

अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे, म्हणून ते एका माणसाला उचलता येते. हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा ताठपणाही लोखंडाच्या एक तृतीयांशच असतो. म्हणून चांगल्या रॅम्पाच्या कडा खोल केलेल्या असतात आणि काही रॅम्पांना कमानीसारखा बाक दिलेला असतो. हा बाक शोभेसाठी नव्हे. सरळ फळी हौद्याला जेथे मिळते तेथे एक कोपरा तयार होतो, आणि बुटक्या गाडीचे पोट त्या कोपऱ्यावर टेकते. पुढची चाके आत, मागची फळीवर आणि मधोमध गाडी अडकलेली. कमानीच्या रॅम्पावर हा कोपरा बोथट होतो. विकत घेताना त्यावर कोरलेला भाराचा आकडा वाचावा, आणि तो एका फळीचा आहे की जोडीचा, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. जोडीचा आकडा एका फळीचा समजून घेतला तर हिशेब निम्म्याने चुकतो. शिवाय चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांकडे झुकते, म्हणून आकडा यंत्राच्या वजनाइतका तंतोतंत न घेता बराच वरचा घ्यावा. चालवणारा वर बसणार असेल तर त्याचेही वजन धरावे लागते, हे सांगायला नको.

आता मुख्य धोक्याकडे येऊ. फळ्या मोडून होणाऱ्या अपघातांविषयी लोक बोलतात, पण न मोडता निसटणारी फळी अधिक दगा देते. इंजिनाच्या जोरावर चढणारे चाक पुढे कसे जाते? ते आपल्याखालच्या पृष्ठभागाला मागे ढकलते. रस्ता मागे सरकत नाही, म्हणून गाडी पुढे जाते. फळी मात्र मोकळी असेल तर मागे सरकू शकते. चाक वर चढते, फळी मागे रेटली जाते, तिचे वरचे टोक हौद्याच्या काठावरून सुटते आणि यंत्र फळीसकट खाली येते. हे सगळे घडायला एक क्षण पुरतो. पिकअपच्या मागल्या स्प्रिंगांचीही यात भर पडते. ओझे येताच हौदा काही अंगुळे खाली दबतो, फळीचा कोन बदलतो, आणि जे टोक नुसते टेकवलेले होते ते जागा सोडते.

यास्तव फळीचे वरचे टोक हौद्याच्या तळावर चांगले वीतभर आत यावे, किंवा त्याला खाली वळवलेली लोखंडी पट्टी असावी. आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येक फळी स्वतंत्रपणे साखळीने किंवा पट्ट्याने गाडीच्या चासीला ओढून बांधावी. दोन मिनिटांचे हे काम आहे. ते न करणाऱ्यांची संख्या पाहिली की आश्चर्य वाटते. चढवून झाल्यावर यंत्राला सात फेरे दोर गुंडाळणारे हेच लोक असतात. उघडा फाळका दोन साखळ्यांवर तोललेला असतो, त्यावर भार देऊ नये. तो काढता येत असेल तर काढावा, नाहीतर त्याच्याखाली ओंडका द्यावा. गाडी गिअरमध्ये घालून, हातब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. फळीचे खालचे टोक मऊ मातीत असेल तर तेथे फरशी घालावी. एक फळी चिखलात रुतली आणि दुसरी कोरड्यावर राहिली, तर यंत्र कलंडायला तेवढा तिरपेपणा पुरतो.

स्कूटरच्या बाबतीत एक फळी पुरत नाही, दोन लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक चाकांसाठी आणि शेजारची माणसासाठी. खाली उभा राहून ढकलणारा माणूस, गाडी वर जाऊ लागली की, हात उंचावत जातो. हँडल त्याच्या खांद्याच्या वर जाते आणि नेमक्या शेवटच्या हातभर अंतरात त्याचा ताबा सुटतो. दुसऱ्या फळीवरून तो गाडीच्या बरोबरीने चालत गेला तर ताबा कायम राहतो. गाडीवर बसून, वेग घेऊन, फळीवरून हौद्यात उडी घेण्याचे कौतुक तरुण मंडळींना असते. वर पोहोचल्यावर तोल गेला तर पाय टेकायला जमीन नसते, एवढेच त्यांना विचारून पाहावे.

टिलरचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते ठाऊक नसल्याने अनुभवी चालकही फसतात. हे यंत्र वळवण्यासाठी मुठीपाशी दोन क्लच असतात. सपाट शेतात डावा क्लच दाबला की डाव्या चाकाचा इंजिनाशी संबंध तुटतो, ते चाक मंदावते आणि यंत्र डावीकडे वळते. उतारावर हा न्याय उलटतो. संबंध तुटलेल्या चाकाला इंजिनाचा अटकाव राहत नाही, ते मोकळे सुटून अधिक वेगाने धावते, आणि यंत्र उजवीकडे जाते. फळीवर बाजूला जाणे म्हणजे खाली पडणे. म्हणून वळवण्याच्या क्लचला फळीवर हात लावायचा नाही, मधेच गिअर बदलायचा नाही आणि मुख्य क्लचही दाबायचा नाही. फळ्या चाकांच्या अंतरावर समांतर लावून, यंत्र त्यांच्या समोर सरळ उभे करून, सर्वांत मंद गिअरमध्ये चढावे. थोडे जरी तिरके वाटले तर फळीवर सुधारण्याच्या भरीस न पडता मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी. चिखलणीची लोखंडी चाके आधी उतरवून रबरी टायर चढवावेत, कारण ती चाके लाकूड ओरबाडतात आणि लोखंडावर घसरतात. जुलैच्या पावसात टायरांना लागलेला तांबडा चिखलही धुऊन काढावा. लावणीच्या घाईत हे जिवावर येते, खरे. पण घाई हीच त्या दिवसांतली मोठी वैरीण आहे.

शक्य तेथे फळीचे काम जमिनीकडूनच करून घ्यावे, हा खेड्यातला जुना शहाणपणा आजही तितकाच खरा आहे. पिकअप बांधाला पाठ लावून उभी केली, किंवा तिची मागची चाके उथळ चरात उतरवली, की ७५ सेंटिमीटरची उंची तीस-चाळीसवर येते आणि तीच फळी दुपटीने निवांत होते. मोठ्या प्रमाणावर रेल्वे हेच करते. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी मालवाहू ट्रक सपाट वाघिणींवरून नेण्याची सेवा सुरू केली. तेथे भरलेले ट्रक पक्क्या बांधलेल्या उतरणीवरून वाघिणीवर चढतात. तेथे फळी निसटण्याचा प्रश्नच नाही, कारण ती जागची हलत नाही.

आणि जेथे चढ टाळता येत नाही, तेथे खालून ढकलण्याऐवजी वरून ओढावे. इजिप्तमधील हातनुब येथील प्राचीन दगडखाणीत पुरातत्त्वज्ञांना एक उभट उतरण सापडली. तिची वार्ता २०१८ साली प्रसिद्ध झाली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या उतरणीच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आहेत आणि खांब रोवण्याची भोके आहेत. खांबांना दोर गुंडाळून दगड वर खेचण्याची ती व्यवस्था असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. म्हणजे ओझ्याच्या मागे माणूस उभा करायचा नाही, दोर खांबाला गुंडाळलेला असला की तो हातातून सुटत नाही, आणि ओढणाऱ्यांना पाऊल ठेवायला बाजूला पायरी असते. आज हौद्याच्या पुढच्या बाजूला हाताने फिरवण्याचा छोटा विंच बसवून घेता येतो. त्याला दात्यांचा अटकाव असतो. हात सोडला तरी यंत्र मागे येत नाही. रोज भाड्याने यंत्र फिरवणाऱ्याने हा खर्च फळीच्या आधी करावा, असे मला वाटते. लोखंडी दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत मात्र कोणी उभे राहू नये. मुलांना तर या सगळ्या प्रकारात अंगणाच्या पलीकडेच ठेवावे. त्यांना पाहण्याची हौस असते, आणि ती ओट्यावरूनही भागते.

यंत्र वर गेले की इंधनाचा कॉक बंद करावा, गिअरमध्ये ठेवावे, चाक पुढच्या भिंतीला टेकवावे आणि चारही कोपऱ्यांकडे ताण देऊन बांधावे. स्कूटर स्टँडवर उभी करून बांधू नये. खड्ड्यात स्टँड दुमडतो. दोन्ही चाकांवर उभी ठेवून, पुढच्या बाजूने खाली दाबून धरतील असे पट्टे घालावेत. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी थांबवून ते पुन्हा आवळावेत, कारण सामान बसते आणि दोर सैल पडतात.

उतरवणे हे चढवण्याहून अवघड असते. माणसे प्रवासाने थकलेली असतात, नव्या गावात अंधार पडलेला असतो, आणि ‘खालीच तर आणायचे आहे’ असे म्हणून साखळी बांधायचा कंटाळा केला जातो. वजन मात्र तेवढेच असते, फक्त ते आता उतरणाऱ्याच्या दिशेने येते. टिलर मंद गिअरमध्ये, इंजिनाच्या अटकावावर, यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे उतरवावा. स्कूटर उतरवताना मागच्या बाजूने, हळूहळू, पुढचा ब्रेक दाबत-सोडत आणावी आणि एक माणूस वरून दोर धरून असावा.

तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्या की फळ्या, साखळ्या आणि चाकाचे दगड हौद्यात आले आहेत, आणि ते सामानाच्या खाली दडपले गेलेले नाहीत. सगळ्यात शेवटी चढवा, कारण तिकडे पोहोचल्यावर सर्वांत आधी त्यांचीच गरज लागेल.